पेशी, ऊती, स्नायू: कोणता शब्द कशासाठी?

प्रश्न असा आला आहे: हिंदी जीवशास्त्राच्या पुस्तकात 'पेशीय ऊतक' असा शब्द दिसतो आणि शेजारी चित्र असतं स्नायूंचं. मराठीत पेशींच्या समूहालाच ऊती म्हणतात. मग 'पेशीय ऊतक' ही द्विरुक्ती नाही का? आणि चित्र स्नायूंचं का?

द्विरुक्ती नाही. हिंदीतली 'पेशी' म्हणजे आपला स्नायू. आपण जिला पेशी म्हणतो ती तिकडे 'कोशिका'. बंगालीतही पेशी म्हणजे स्नायूच. गुजरातीत मात्र पेशी म्हणजे ऊती. आपल्या पेशीला तिथे 'कोष' म्हणतात आणि स्नायूला आपल्यासारखंच 'स्नायु'. एकाच संस्कृत शब्दाची अशी तीन ठिकाणी वाटणी झाली आहे.

मूळ अर्थ हिंदी-बंगालीने जपला, हे मान्य करायला हवं. सुश्रुतसंहितेत माणसाच्या शरीरात ५०० पेशी सांगितल्या आहेत, त्या मांसाच्या पेशी. आजच्या मराठी अर्थाने तो आकडा वाचला तर सगळंच हुकतं, कारण आपल्या अर्थाच्या पेशी शरीरात लाखो कोटी असतात. त्याच ग्रंथात स्नायू ९०० आहेत, पण त्यांचं काम आकुंचनाचं नाही, बांधण्याचं आहे. फळ्या दोरांनी घट्ट बांधल्या की नाव भार पेलते, तसं स्नायूंनी बांधलेलं शरीर, असा दृष्टांत तिथे आहे. म्हणजे संस्कृतातला स्नायू आपल्या अस्थिबंधाच्या, हाडाला हाडाशी बांधणाऱ्या पट्ट्याच्या, जवळचा. हिंदी शालेय पुस्तकं आजही 'स्नायु' त्याच अर्थाने वापरतात. बंगालीत मात्र स्नायू म्हणजे चेतातंतू (मज्जातंतू), आणि हिंदीतही 'स्नायु तंत्र' हा शब्द चेतासंस्थेसाठी सर्रास दिसतो. त्यामुळे दुसऱ्या भाषेतून आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणताना 'स्नायू' जसाच्या तसा उचलणं फार धोक्याचं. 'स्नायूंचा विकार' असं लिहून बसतो आणि मुळात आजार असतो चेतांचा.

मराठीपुरती व्यवस्था स्पष्ट आहे: पेशी हा घटक, ऊती हा पेशींचा गट, आणि अनेक ऊती मिळून अवयव. गोंधळ होतो तो स्नायूपाशी, कारण हा एकच शब्द तिन्ही पातळ्यांवर चालतो. दंडाचा स्नायू म्हणतो तेव्हा तो अवयव असतो. त्यात स्नायू ऊती असतेच, शिवाय तिला वेढणारी संयोजी ऊती, रक्तवाहिन्या आणि चेताही असतात. स्नायू ऊती म्हणजे फक्त आकुंचन पावणारा भाग. तिची पेशी लांबट असते म्हणून तिला स्नायुतंतू म्हणतात. हाडांना जोडलेल्या स्नायूंच्या एकेका तंतूत अनेक केंद्रकं असतात.

दुखापतीबद्दल लिहिताना तर शब्द काटेकोरच हवा. स्नायूला हाडाशी जोडतो तो स्नायुरज्जू, म्हणजे कंडरा. हाडाला हाडाशी जोडतो तो अस्थिबंध. दोन्ही संयोजी ऊती आहेत आणि दोन्ही स्वतःहून आकुंचन पावत नाहीत. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा घोट्याचा अस्थिबंध ताणला जातो. पोटरीत गोळा येतो तो स्नायूचा. अस्थिबंधाच्या दुखापतीलाही 'स्नायू फाटला' असं लिहिलं की वाचकाला चुकीची कल्पना येते: अस्थिबंधाला रक्तपुरवठा कमी असल्याने तो भरून यायला स्नायूपेक्षा साधारणपणे जास्त वेळ लागतो.

आता 'ऊती'. संस्कृतात 'वे' म्हणजे विणणे. त्यावरून ऊत म्हणजे विणलेलं आणि ऊति म्हणजे विणकाम. 'ओतप्रोत'मधला 'ओत' याच धातूचा, ओतण्याशी त्याचा संबंध नाही. फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञ बिशा याने १८०० च्या सुमारास सूक्ष्मदर्शक न वापरता शरीरातल्या २१ ऊती वेगळ्या ओळखल्या, तेव्हा त्याने निवडलेला फ्रेंच शब्दही विणलेल्या कापडाचाच होता. मराठी विश्वकोशात 'ऊतक' आणि 'कोशिका' भेटतील, पाठ्यपुस्तकात 'ऊती' आणि 'पेशी'. दोन्ही जोड्या बरोबर आहेत, फक्त एका लेखात एकच जोडी ठेवावी.

'समान रचनेच्या पेशींचा समूह' ही पाठ केलेली व्याख्या मात्र अपुरी आहे. वनस्पतींमधल्या मूल ऊती, स्थूलकोन ऊती, दृढ ऊती या सरल, म्हणजे एकाच प्रकारच्या पेशींच्या, ऊतींना ती लागू पडते. वनस्पतीत पाणी वाहून नेणाऱ्या जलवाहिनीला नाही. नाव नळीचं असलं तरी ती जटिल ऊती आहे: वाहिनिका, वाहिनी, तंतू आणि मूल ऊती असे चार घटक त्यात येतात, आणि पूर्ण वाढ झाल्यावर त्यांतल्या मूल ऊतीच्या पेशीच खात्रीने जिवंत असतात. बाकीच्या बहुतेक मृत, पोकळ, आणि म्हणूनच पाणी वाहायला मोकळ्या. अन्न वाहून नेणाऱ्या रसवाहिनीत उलट: चाळणी नलिकेची पेशी जिवंत असते, पण तिला केंद्रक नसतं, तिचा कारभार शेजारची सहपेशी पाहते. म्हणून 'समान उगमाच्या आणि मिळून एक काम करणाऱ्या पेशींचा समूह' अशी व्याख्या करावी. रक्तालाही तीच पुरते.

लिंग आणि लेखन: ती ऊती, त्या ऊती, ऊतींचे, तो स्नायू, ते स्नायू, स्नायूंचे. 'उती' हे चूक, पहिला ऊ दीर्घ. मूळ संस्कृत शब्द ऱ्हस्वान्त असल्याने समासात पूर्वपदी ऱ्हस्व येतो: स्नायुसंस्था, ऊतिसंवर्धन. पाठ्यपुस्तकं 'ऊती संवर्धन' असं तोडून लिहितात, तिथे दीर्घ चालतो. पेशीचा ई मात्र जोडूनही दीर्घच राहतो: पेशीभित्तिका, पेशीकेंद्रक.