उद्देशिकेपासून सुरुवात करू नका

संविधान शिकवताना नवीन शिकवणारे पहिल्याच तासाला त्याची उद्देशिका पाठ करून घेतात. पोरं घडाघडा म्हणतात, डोक्यात काही शिरत नाही. त्यापेक्षा हापशापासून सुरू करा. टँकर आल्यावर कुणाची घागर पुढं आणि कुणाची मागं, हे चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं. मग फळ्यावर कलम १५(२) मांडा: सार्वजनिक विहीर, तळं, रस्ता, दुकान, हॉटेल इथं जात, धर्म, लिंग, जन्मस्थान यावरून अडवता येत नाही. पाठोपाठ १७, अस्पृश्यताबंदी. फक्त वर्गातल्या कुणाची जात काढून उदाहरण देऊ नका. ते पोर पुन्हा तोंड उघडत नाही.

बीडकडं दिवाळीच्या सुमारास आईबाप कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातात, पोरंही सोबत. त्यांना २१-क सांगाच: ६ ते १४ वयाला मोफत शिक्षण. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, दाखला उशिरा आला म्हणून नाकारता येत नाही. हे पालकसभेतही बोला.

कलम १९ मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य शिकवताना १९(२) मधली बंधनंही त्याच तासाला घ्या. नाहीतर ‘वाट्टेल ते बोलणार’ एवढंच लक्षात राहतं. शाळेचाच एखादा नियम चर्चेला ठेवा, प्रत्येकाला एक मिनिट द्या. तुम्ही मधे बोलू नका. हेच सगळ्यात अवघड जातं.