न्यू जर्सीला येईपर्यंत थेरपीसाठी थांबू नका

ताई, तुम्ही विचारलंय की मुलगा २ वर्षं ४ महिन्यांचा आहे, पुण्यात ऑटिझमचं निदान झालंय, चार महिन्यांनी न्यू जर्सीला यायचंय, मग थेरपी इकडे आल्यावरच सुरू करावी का आणि किती तास. मी इथेच न्यू जर्सीत एडिसनला राहते, माझी मुलगी यातूनच गेलीय.

थांबू नका, याच आठवड्यात सुरू करा. या वयात चार महिने खूप असतात, आणि इथे उतरल्या उतरल्या काही थेरपिस्ट दारात येत नाही. इथे लहान मुलांच्या थेरपीची सरकारी सेवा असते, अर्ली इंटरव्हेन्शन. त्यांच्याकडे नाव कळवल्यावर (रेफरल) तपासणी आणि पहिली प्लॅन मीटिंग यासाठी ४५ दिवसांची मुदत असते, वर ही सेवा फक्त ३ वर्षांपर्यंतच, पुढे सगळं स्कूल डिस्ट्रिक्टकडे, म्हणजे तिथल्या सरकारी शाळांच्या कार्यालयाकडे जातं. म्हणून पत्ता मिळाला की त्याच दिवशी दोन्हीकडे कळवा. व्हिसा आड येत नाही, तपासणी फुकट असते, पुढच्या सेशन्सना उत्पन्नाप्रमाणे पैसे पडू शकतात. मिस्टरांच्या एचआरला आत्ताच विचारा हेल्थ इन्शुरन्सचा प्लॅन सेल्फ-फंडेड आहे का, म्हणजे उपचारांचे पैसे कंपनी स्वतःच भरते का, असला तर राज्याचा ऑटिझम कव्हरेजचा कायदा त्याला लागू होत नाही, एबीए (ऑटिझमसाठी इथे सर्रास दिली जाणारी वर्तनावर आधारित थेरपी) कव्हर होतं का ते लेखी घ्या.

तासांचं म्हणाल तर आठवड्याला ४० तास हा आकडा लोवास या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या १९८७ च्या अभ्यासातून आलाय, त्यात एवढी थेरपी मिळालेली १९च मुलं होती आणि गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते. २०२१ मध्ये सॅली रॉजर्स या संशोधिकेच्या टीमने ऑटिझम असलेल्या लहान मुलांमध्ये आठवड्याला १५ आणि २५ तासांची तुलना केली, एकंदरीत फारसा फरक दिसला नाही. मुलाला सुरुवातीला किती समजतं, ते नक्कल करतं का, आपण बोट दाखवलं की तिकडे बघतं का, यावर बरंच अवलंबून असतं, आणि ते आपल्या हातात नसतं, त्यामुळे शेजारच्या मुलाशी तुलना करून स्वतःला त्रास करून घेऊ नका प्लीज. हातात काय आहे तर घरचा वेळ. इंग्लंडमधल्या पॅक्ट अभ्यासात आईबाबांनाच मुलासोबतचे स्वतःचे व्हिडिओ दाखवून शिकवलं होतं, आणि थेरपी संपल्यावर जवळजवळ सहा वर्षांनीही फायदा टिकलेला दिसला. अंघोळ, जेवण, कपडे घालणं, प्रत्येक वेळी तो बघेपर्यंत थांबा, मग बोला.

आणि मराठीतच बोला! फक्त इंग्लिश बोला असं कोणी सांगितलं तरी ऐकू नका, दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांचं बोलणं मागे पडतं असं संशोधनात आढळलेलं नाही, आणि आजी-आजोबांशी रोज व्हिडिओ कॉलवर तो मराठीतच बोलणार ना.

ऐकण्याची टेस्ट झाली नसेल तर निघण्याआधी करून घ्या, सगळे रिपोर्ट इंग्लिशमध्ये आणि लसींचं कार्ड हँडबॅगमध्ये ठेवा.