दातांचा एक्स-रे नॉर्मल आहे, मग जबडा मोडलेला नाही असं समजायचं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की अकरा वर्षांचा मुलगा सायकलवरून हनुवटीवर पडला, तीन टाके पडले, वरचे पुढचे दोन दात हलतात, त्यांचा एक्स-रे ‘नॉर्मल’ आला. आणि जाता जाता लिहिलंय की तोंड उघडताना हनुवटी डावीकडे जाते, ‘पण ते सुजेमुळे असं सांगितलं’. दात राहू देत बाजूला, मला त्या डावीकडे जाण्याचीच काळजी वाटते.

हनुवटी शिवायची आणि ‘सूज उतरली की बरं वाटेल’ म्हणून घरी पाठवायचं, या सवयीशी माझं जुनं भांडण आहे. खालचा जबडा घोड्याच्या नालेसारखा असतो आणि त्याची दोन्ही टोकं कानांपुढच्या सांध्यांत बसतात. हनुवटीवर आपटलं की जोर हाडातून मागे सरकतो आणि सांध्यात बसणाऱ्या टोकाची, म्हणजे कॉन्डाइलची, खालची बारीक मान मोडते. मार पुढे, मोड मागे. कधी एक बाजू, कधी दोन्ही, वर हनुवटीलाही चीर. या तिहेरी मोडीला गार्ड्समन फ्रॅक्चर म्हणतात, कारण परेडमध्ये चक्कर येऊन थेट हनुवटीवर कोसळणाऱ्या शिपायांना ती होते. म्हणून खालच्या जबड्यात एक मोड सापडली की दुसरी शोधायचीच. आणि हनुवटीला टाका पडलाय म्हणजे कानापुढे बोट लागलंच पाहिजे. त्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

दोन्ही कानांपुढे एकेक बोट ठेवायचं आणि तोंड हळूहळू उघडायला सांगायचं. शाबूत सांधा बोटाखालून पुढे सरकताना कळतो. मोडलेल्या बाजूला दुखतं, सरकणं जाणवत नाही आणि हनुवटी त्याच बाजूला वळते, कारण तिथला स्नायू जबड्याला पुढे ढकलू शकत नाही. मग दातांवर दात टेकवायला सांगायचं. मोडलेल्या बाजूच्या दाढा आधी टेकतात. दोन्ही बाजू मोडल्या असतील तर दाढा टेकूनही पुढच्या दातांत फट उरते. ‘चावा पूर्वीसारखा बसतो का?’ हा प्रश्न सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी विचारला जाणारा. सुजेने तोंड कमी उघडतं हे खरं, सांध्यात नुसतं रक्त साचलं तरी चावा थोडा बिघडतो हेही खरं. पण ‘सुजेमुळे’ हे मोड नाही याची खात्री झाल्यावर म्हणायचं, आधी नाही.

बाकीच्या खुणा पटापट सांगतो. जिभेखाली काळंनिळं दिसलं की खालचा जबडा मोडलाय असंच धरून पुढे जायचं. खालचा ओठ एका बाजूला बधिर असेल तर मोड दाढांच्या भागात, नसेच्या वाटेवर असू शकते. कानातून रक्त आलं तर कॉन्डाइलने कानाच्या नळीची पुढची भिंत फोडलेली असू शकते, पण कवटीच्या तळाचं फ्रॅक्चरही असू शकतं. तिथे आधी डोक्याचा सीटी. मोठ्या माणसात लाकडी टंग डिप्रेसर (घसा पाहताना जीभ दाबायची चपटी काडी) दाढांत घट्ट धरायला लावून पिळतात. तो मोडेपर्यंत धरता आला तर फ्रॅक्चरची शक्यता बरीच कमी होते. दात हलणाऱ्या मुलावर घरी आइस्क्रीमची काडी घेऊन हा प्रयोग करू नका.

आता हलणारे दात. एक दात दोन बोटांत धरून हलवला आणि तो एकटाच हलला, तर इजा त्या दाताची किंवा मुळाची. शेजारचे दोन-तीन दातही त्याच्याबरोबर फळीसारखे हलले, तर दात धरणारं हाडच मोडलंय. ते जागेवर बसवून लवचिक स्प्लिंट (दातांना शेजारच्या दातांशी बांधणारा आधार) साधारण चार आठवडे ठेवतात. मुळाची आडवी चीर एका फिल्मवर लपते, कारण किरण चिरेच्या रेषेत गेला तरच ती दिसते. म्हणून कोन बदलून निदान दोन-तीन फिल्म काढायच्या.

तुमचा ‘नॉर्मल’ एक्स-रे म्हणजे साधारण तीन बाय चार सेंटीमीटरची फिल्म. त्यात तीन-चार दात मावतात, कानापुढचा सांधा त्यात येतच नाही. न आलेल्या हाडाबद्दल ती ‘नॉर्मल’ कशी म्हणणार? ओपीजी, म्हणजे दोन्ही सांध्यांसकट अख्खा जबडा दाखवणारा एक्स-रे, काढा. पण ओपीजीवरही विसंबू नका: मधोमध मानेच्या मणक्यांची सावली पडून हनुवटीची चीर पुसली जाते, आणि आतल्या बाजूला वळलेला कॉन्डाइल समोरून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. म्हणून जोडीला काटकोनातला दुसरा व्ह्यू हवा: जबड्याचा पीए (किरण मागून पुढे जाणारा एक्स-रे), आणि कॉन्डाइलसाठी तोंड उघडून रिव्हर्स टाउन्स (तसाच, पण तिरक्या कोनातून). तरी शंका उरली तर सीबीसीटी (दात-जबड्यासाठीचा त्रिमितीय स्कॅन) किंवा सीटी. ‘लहान मुलाला कशाला एवढं रेडिएशन’ हे मला नेहमी ऐकवलं जातं. उगाच काढू नये, मान्य. पण या वयात नजरेतून सुटलेली कॉन्डाइलची मोड पुढे सांधा जखडवू शकते आणि त्या बाजूची वाढ खुंटवू शकते.

घाबरू मात्र नका. या वयात बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. मऊ जेवण, चावा बिघडलाच असेल तर सात ते दहा दिवस जबडा बांधणं, आणि लगेच तोंड उघडण्याचे व्यायाम. जास्त दिवस बांधून ठेवला तर सांधा जखडण्याचा धोका वाढतो. वाढीकडे पुढची काही वर्षं लक्ष ठेवावं लागतं. उलट्या, गुंगी किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं असेल तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डोकं दाखवा.

हे पडण्याऐवजी मारामारीत झालं असतं तर कागदही महत्त्वाचा ठरला असता: हाड किंवा दात मोडणं भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 मध्ये, पूर्वीच्या आयपीसी 320 मध्ये, गंभीर दुखापत आहे. तिथे ‘सूज’ लिहून मोकळं होणाऱ्यांना पुढे कोर्टात उत्तर द्यावं लागतं.

आणि हो, दाताचा तुकडा तुटला असेल आणि सापडला नसेल तर ओठ दाबून पाहा. ओठाची जखम शिवली गेली असेल तर तुकडा आतच राहिलेला असू शकतो; ओठाच्या आत फिल्म धरून कमी एक्स्पोजरचा एक्स-रे काढला की दिसतो. तिथेही नसेल आणि मूल खोकत असेल, तर छातीचा एक्स-रे.