सलाईन की वाटी-चमचा?

प्रश्न : माझा नातू चौदा महिन्यांचा, वजन आठ किलो. जुलाब-उलट्यांनी डोळे खोल गेले म्हणून ग्रामीण रुग्णालयात नेलं. सलाईन लावलीच नाही. सुनेच्या हातात वाटी-चमचा दिला आणि चार तास ओआरएस पाजायला बसवलं. चमच्यानं पाणीच पाजायचं होतं तर घर काय वाईट होतं? शेजारी म्हणतात, खासगीत लगेच बाटली चढवली असती.
— एक आजी, बीड जिल्हा

उत्तर : आजी, चढवली असती, यात शंका नाही! पण बाळ किरकिरत होतं, वाटी दिसली की झेपावत होतं, असंच ना? पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश सपाट होत असेल. अशा बाळाला ओआरएस हेच औषध. किलोमागे ७५ मिली, चार तासांत. तुमच्या नातवाला ६०० मिली, म्हणजे दर दोन मिनिटांनी एक छोटा चमचा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा, जरा हळू सुरू करायचं. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली आणि सलाईन संपत आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजूनच माणसं वाचवली. शंभरात तीसच्या आसपास दगावत होते, ते चारच्या आत आले.

मग घरी का नाही? कारण त्या चार तासांत जाणत्या माणसानं पुन्हा पुन्हा येऊन बघायला हवं. बाळ सुस्तावलं, पिईनासं झालं, चिमटीतली कातडी दोन सेकंदांतही खाली बसली नाही, तर वाटी बाजूला ठेवून रिंगर लॅक्टेट नावाची सलाईन लावायची. तुमच्या बाळाला ती ८०० मिली लागली असती, त्यातली २४० पहिल्या अर्ध्या तासात. फार कुपोषित मूल असेल तर मात्र हाच वेग हृदयाला झेपत नाही, तिथे हिशोबच वेगळा.

घोडं पेंड खातं ते या बघण्यापाशीच. एका सिस्टरकडे दोन वॉर्ड, बाळाचं वजन केलेलं नाही, शीटवर ‘जुलाब चालू’ एवढीच नोंद. लहान मुलांच्या वॉर्डात माझं आयुष्य गेलं. मी प्रत्येक कॉटपाशी झाकणाचा जग ठेवायचे आणि त्यावर चिकटपट्टी लावून तासातासाच्या रेघा मारायचे. तुमच्या बाळाला दर १५० मिलीला रेघ आली असती. राउंडला आलेल्या डॉक्टरांना लांबूनच दिसायचं, बाळ मागे पडलंय का. यासाठी निधी-बिधी काही लागत नाही. आईला बसायला स्टूल मात्र लागतं, आणि ते मिळवायला मला स्टोअरशी बरंच भांडावं लागलं.

सुनेनं तिथे अंगावरचं दूध बंद केलं नसेल, अशी आशा आहे. आता मऊ भात, वरण, केळं द्या. झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून रोज एक, १४ दिवस. जुलाब थांबले तरी चौदाही गोळ्या संपवायच्या. शौचात रक्त दिसलं, लघवी कमी झाली की लगेच परत न्या.

प्रश्न : मेडिकलवाला ओआरएसच्या पुड्याऐवजी गोड टेट्रा पॅक देतो. मुलगा तो आवडीनं पितो. चालेल?
— एक वडील, नाशिक

उत्तर : आवडीनं पितो, तिथेच संशय घ्या. साखर जास्त असली की आतड्यात पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ लिहायला मनाई केली आहे. पॅक असो की पुडा, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असल्याचं त्यावर छापलेलं असेल तरच घ्या. एक लिटरचा पुडा पूर्ण लिटरभर पाण्यातच कालवायचा, अर्ध्या पेल्यात नाही, आणि २४ तासांनी उरलेलं ओतून द्यायचं.