रणात पंक्चर झालं तर? बाइकसोबत काय न्यायचं

प्रश्न : आम्ही दोघं मित्र डिसेंबरात नाशिकहून बाइकवर कच्छला चाललोय. सापुतारा, सुरत, अहमदाबाद करत भुज आणि पुढे खावड्यावरून धोलावीरा. माझी क्लासिक ३५०, स्पोकची चाकं, ट्यूबचे टायर, मित्राची पल्सर, ट्यूबलेस. इथल्या, नाशकातल्या द्वारका चौकातल्या मेकॅनिकनं स्पेअरची लांबलचक यादी दिलीय, अगदी क्लच प्लेट, चेन-स्प्रॉकेटपण. एवढं सगळं न्यायचं का? – एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : क्लच प्लेट आणि चेन-स्प्रॉकेट आधी यादीतून काढा. रस्त्याच्या कडेला ते बसवणार कोण? झिजलं असेल तर निघायच्या आधी नाशकातच बदलून घ्या, आणि भुजपर्यंत मेकॅनिक जागोजागी मिळतात, त्यामुळे खरी काळजी भुजच्या पुढची.

तिकडे तुम्हाला अडवणार तो काटा. भुज आणि खावड्याच्या मधल्या बन्नीच्या गवताळ पट्ट्यात सगळीकडे वेडी बाभूळ माजलीय, तिकडचे लोक तिला गांडो बावळ म्हणतात, खारी जमीन पसरू नये म्हणून वन खात्यानं १९६०च्या दशकात लावली आणि मग ती आवरलीच नाही. फोटोसाठी बाइक रस्त्यावरून खाली उतरवलीत की काटा टायरमध्ये गेलाच समजा.

म्हणून तुमच्या बाइकला पुढची-मागची एकेक ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उतरवायच्या लोखंडी पट्ट्या), हवेचा चांगला पंप आणि मागच्या ॲक्सलच्या, म्हणजे चाकाच्या दांड्याच्या, नटला बसणारा पाना एवढं पाहिजेच. हा पाना बरेच जण विसरतात, मग ट्यूब हातात असून चाक निघत नाही! आणि निघायच्या आधीच्या रविवारी घराच्या पार्किंगमध्ये डबल स्टँडवर लावून मागचं चाक स्वतः काढा, टायर उतरवा, परत बसवा, आणि हे सगळं सोबत नेणाऱ्या पान्यांनीच करायचं, गॅरेजमधून मागून आणलेल्या नाही. लिव्हर लावताना समोरच्या बाजूची टायरची कड पायानं दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकला, मग इकडची कड सैल होते, जोर लावावा लागत नाही आणि नवी ट्यूब चिमटत नाही. ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून फडकं फिरवा, ते जिथं अडकेल तिथं काटा आहे, तो राहिला तर पाच मिनिटांत दुसरी ट्यूबपण गेली.

मित्राला स्ट्रिपचा, म्हणजे भोकात रबराची पट्टी घुसवायचा, पंक्चर किट पुरेल. फक्त त्याला सांगा, काटा दिसला म्हणून लगेच उपटायचा नाही, आधी स्ट्रिप सुईत ओवून तयार ठेवायची. पंप दोघांत एक चालेल.

केबलचं म्हणाल तर क्लच आणि ॲक्सिलरेटरची एकेक नवी घ्या, आणि बॅगेत ठेवण्यापेक्षा जुन्या केबलच्या बाजूनंच झिप टायनं बांधून टाका, टोकांना टेप लावा म्हणजे धूळ जात नाही, जुनी तुटली की फक्त टोकं बदलायची. क्लच अचानक जड लागायला लागला तर लिव्हरपाशी केबलची एखादी तार तुटलीय का बघा. बाकी क्लच-ब्रेकचे लिव्हर, फ्यूज, एक स्पार्क प्लग, पक्कड, ॲलन की, इन्सुलेशन टेप, एम-सील, डोक्याला लावायचा टॉर्च.

बॅटरी जुनी असेल तर ती मात्र इथंच बदला. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटर नसलेल्या) गाडीत बॅटरी पूर्ण झोपली की पेट्रोलचा पंपच चालत नाही, मग कितीही धक्का मारा.

आणि धोलावीऱ्याहून भुजला आलात की त्याच दिवशी दोन्ही बाइक गोड्या पाण्यानं धुऊन घ्या, स्पोक आणि चेनवरचं मीठ नीट काढा, चेन कोरडी झाली की वंगणाचा स्प्रे मारा, आणि मगच परतीला लागा.