युद्धातून निर्वासित होऊन आलेल्या जुन्या सैनिकांची अंगदुखी, बीपी, धडधड हे खरे आजार असतात की सगळं मनाचंच?

खरेच असतात. मी कॅलिफोर्नियात, सॅन होजेला फिजिओथेरपिस्ट आहे. इथे व्हिएतनामी वस्ती मोठी, त्यामुळे दक्षिण व्हिएतनामच्या फौजेत लढलेले आजोबा माझ्याकडे येतात. त्यांच्यापुरतं सांगते.

30 एप्रिल 1975 ला दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या कम्युनिस्ट फौजेच्या हाती पडली. जूनमध्ये नव्या सरकारनं हरलेल्या फौजेतल्या अधिकाऱ्यांना महिनाभर पुरेल एवढं सामान घेऊन हजर व्हायला सांगितलं, ‘पुनर्शिक्षणा’च्या, म्हणजे खरं तर कैदेच्या, छावणीसाठी. त्या महिन्याची कित्येक वर्षं झाली, काहींची सतरा. उपासमार, मारहाण, ढोरमेहनत. छावणीत तीन वर्षांहून जास्त काढलेल्यांना अमेरिकेनं 1989 पासून कुटुंबासकट घ्यायला सुरुवात केली.

असा पेशंट ‘मला भीती वाटते’ असं म्हणत नाही. खांदा दुखतो, डोकं जड आहे, झोप नाही, एवढंच. पालथं झोपा म्हटलं की अंग ताठ होतं. म्हणून मी त्यांना दाराकडे तोंड करून खुर्चीतच बसवते आणि हात लावण्याआधी सांगते. पण म्हणून खांदा ठणठणीत आहे असं समजायचं नाही. हात मागे बांधून ठेवले असतील तर सांधा खरोखरच बिघडलेला असू शकतो. डोक्याच्या माराचंही तेच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड मोलिका यांच्या गटानं अशा माजी कैद्यांचे एमआरआय काढले, तेव्हा डोक्याला मार लागलेल्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर काही भागांत पातळ झालेला दिसला, आणि त्याचा नैराश्याशी संबंधही.

हृदयाचं म्हणाल, तर व्हिएतनाम युद्धाच्या काळातल्या अमेरिकन सैनिकांमधल्या जुळ्या भावांचा 2013 चा अभ्यास बघा. पीटीएसडी (भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आघात) असलेल्यांत हृदयविकार दुपटीहून जास्त निघाला. शरीर वर्षानुवर्षं सावध राहिलं, रात्रीची झोप मोडत राहिली, की बीपी आणि रक्तवाहिन्या ते भोगतातच.

त्या अमेरिकन सैनिकाला निदान माजी सैनिकांचे सरकारी दवाखाने आहेत. त्याच्याच बाजूनं लढलेल्या या माणसाला तिथे थारा नाही. मला हे अजूनही पटत नाही, असो.

तुमच्या ओळखीत कुणी असेल तर बीपी, शुगर, हेपटायटिस बी तपासून घ्या, जुन्या जखमा डॉक्टरांना दाखवा, आणि वाईट स्वप्नांचं त्यांच्या कानावर नक्की घाला, त्यावर उपचार आहेत. दुभाषी मात्र दवाखान्याचाच मागा. नातवाला बसवलंत तर आजोबा फक्त खांद्याचंच सांगतील.