१७ वर्षांच्या मुलावर खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागलं तर त्याला कुठे ठेवतात? निरीक्षणगृह, विशेष गृह आणि 'प्लेस ऑफ सेफ्टी' यांत फरक काय?

प्रश्नाखालच्या तपशिलात लिहिलंय की भाचा १७ वर्षांचा आहे, भांडणात कोयता चालला, भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ लागलं. पोलीस म्हणतात, 'बालसुधारगृहात जाणार आणि केस मोठ्या माणसासारखी चालणार.' घरच्यांना वाटतं, त्यापेक्षा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवावं.

कलम १०९ एवढंच असेल तर केस मोठ्या माणसासारखी चालणार नाही. आणि 'बालसुधारगृह' नावाची संस्था २०१५ च्या बाल न्याय कायद्यात कुठेच नाही. बातम्यांत आणि पोलीस ठाण्यात हा एकच शब्द चार वेगवेगळ्या जागांसाठी वापरतात. त्यातली कोणती जागा मुलाच्या वाट्याला येईल हे तीन गोष्टींवर ठरतं: गुन्ह्याच्या दिवशीचं वय, आजचं वय आणि गुन्ह्याचा वर्ग. पहिल्या दोन गोष्टी दाखला बघून कळतात. घोळ होतो तो तिसऱ्या गोष्टीत, कारण ठाण्यापासून वकिलांच्या बार रूमपर्यंत सगळे कलमातली जास्तीत जास्त शिक्षा वाचतात. कायदा विचारतो, कमीत कमी किती?

कायद्यात तीन वर्ग आहेत. जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षांपर्यंत असेल तर किरकोळ. कमीत कमी शिक्षा सात वर्षं किंवा जास्त असेल तर निर्घृण, ज्याला कोर्टात सगळे 'हीनस' म्हणतात. आणि गंभीर म्हणजे मधला वर्ग. कमाल शिक्षा सात वर्षांच्या वर, अगदी जन्मठेपेपर्यंत असली, पण किमान शिक्षा दिलेलीच नसेल किंवा सात वर्षांहून कमी असेल, तर तो गुन्हाही याच मधल्या वर्गात. हे शेवटचं २०२१ च्या दुरुस्तीने कायद्यात स्पष्ट लिहिलं गेलं. त्याआधी ९ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल खटल्यात तेच सांगितलं होतं. तो खटला अल्पवयीन मुलाने चालवलेल्या गाडीखाली माणूस मेल्याचा होता.

आता तुमचं कलम. १०९ मध्ये दहा वर्षांपर्यंत, आणि इजा झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. किमान शिक्षा दिलेली नाही. म्हणजे गंभीर, हीनस नाही. सोळा वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांच्या न्यायप्रक्रियेत पाठवायचं की नाही यासाठी बाल न्याय कायद्याच्या कलम १५ चं प्राथमिक मूल्यांकन होतं, पण ते फक्त हीनस गुन्ह्यात. इथे त्याचा प्रश्नच येत नाही.

पण आरोपपत्र येईपर्यंत कलमांवर डोळा ठेवा. गंमत अशी की कोयता अंगावर घातला तर गंभीर, आणि तोच कोयता दाखवून मोबाईल हिसकावला तर न्याय संहितेचं कलम ३११, ज्यात किमान सात वर्षं आहेत, म्हणजे हीनस. कायदा असाच लिहिलाय. जबरी चोरीचं साधं कलम लावण्याऐवजी ३११ लावलं की मुलाचा वर्ग बदलतो, म्हणून ते सर्रास लावलं जातं. चार मुलं असतील तर चौघांनाही लावतात. प्रत्यक्षात ३११ फक्त त्यालाच लागू होतं ज्याने स्वतः हत्यार वापरलं, किंवा गंभीर दुखापत केली वा तसा प्रयत्न केला. ज्याच्या हातात काही नव्हतं, त्याच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हा मुद्दा लेखी द्यावा. मकोका लावला म्हणूनही घाबरून जाऊ नका. मृत्यू झालेला नसेल तर संघटित गुन्ह्याच्या कलमात किमान पाच वर्षं आहेत, सात नाहीत. खून, बलात्कार, व्यावसायिक प्रमाणातले अमली पदार्थ हे मात्र हीनसच.

पुण्याचं कल्याणीनगर प्रकरण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं, आणि हाच मुद्दा सगळ्यांनी सोडला. १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीने दुचाकीवरच्या दोन तरुण अभियंत्यांना उडवलं. गाडी चालवणारा १७ वर्षांचा. रविवार होता, मुलांची प्रकरणं ऐकणारं बाल न्याय मंडळ बसलेलं नव्हतं, म्हणून एका सदस्यापुढे हजर केलं. ते कायद्यात बसतं. जामीन झाला आणि त्यातली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. निबंधाची अट हास्यास्पद होतीच, त्यावर वाद नाही. पण लोकांचा राग अटीवरून जामिनावर गेला, आणि तिथून कायद्याची जी ओढाताण झाली ती बघण्यासारखी आहे.

२२ मे ला मुलाला निरीक्षणगृहात पाठवलं. जामीन रद्द झाला नव्हता. आपल्याच आदेशात दुरुस्ती करण्याचा जो अधिकार मंडळाला बाल न्याय कायद्याच्या कलम १०४ ने मिळतो, तो वापरून हे केलं गेलं, आणि पुढे मुदत वाढत गेली. म्हणजे मूल एकाच वेळी जामिनावरही आणि आतही. मुंबई उच्च न्यायालयाने २५ जून २०२४ ला ते आदेश बेकायदा ठरवले आणि मुलाचा ताबा आत्याकडे दिला. त्या दिवशी न्यायालयाला किती शिव्या पडल्या! पण दुसरं काय करणार होतं? दोन जीव गेले होते, रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप होता, सगळं खरं. त्यासाठी वेगळे गुन्हे नोंदले गेले, मोठी माणसं आत गेली. मुलाला आत ठेवायचं होतं तर आधी जामीन रद्द करून घ्यायला हवा होता.

दुसरा भाग मोठ्यांसारखा खटला चालवण्याचा. जुन्या दंड संहितेचं सदोष मनुष्यवधाचं कलम ३०४ आणि बनावट दस्तऐवजाचं ४६७ या दोन्हींत किमान शिक्षा नाही. शिल्पा मित्तल निकाल चार वर्षं जुना झाला होता, दुरुस्ती लागू झालेली होती. तरी मागणी झाली, वर्षभर चालली, आणि १५ जुलै २०२५ ला पुण्याच्या बाल न्याय मंडळाने फेटाळली. 'श्रीमंताचा पोरगा सुटला' म्हणणाऱ्यांशी माझं आजही पटत नाही. व्याख्या पटत नसेल तर संसदेकडून बदलून घ्या. नव्या संहितेच्या कलम १०५ मध्ये सदोष मनुष्यवधाच्या पहिल्या भागाला किमान शिक्षा आलीये, पण पाच वर्षांची. म्हणजे आजही तो गुन्हा गंभीरच राहतो. आज श्रीमंताच्या मुलासाठी व्याख्या वाकवली तर उद्या ती वाकलेली व्याख्या येरवड्याच्या आणि डोंगरीच्या निरीक्षणगृहांतल्या अशा पोरांना लागेल ज्यांच्याकडे उच्च न्यायालयापर्यंत जायला पैसे नसतात.

आता जागांबद्दल.

निरीक्षणगृह हे चौकशी चालू असलेल्या मुलासाठी. दोष अजून ठरलेला नसतो. जामीन नाकारला तर आणि तेवढ्यापुरतंच. जुने लोक याला रिमांड होम म्हणतात. मुंबईतलं डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या वास्तूत आहे ती एकेकाळी तुरुंगच होती, त्यामुळे गैरसमज समजू शकतो. पण इथे राहणं ही शिक्षा नाही.

विशेष गृह हे चौकशीत दोष सिद्ध झाल्यावर. जास्तीत जास्त तीन वर्षं. आणि मंडळापुढे हा एकमेव पर्याय नसतो. समज देऊन सोडणं, गटसमुपदेशन, समाजसेवा, दंड, परिविक्षेवर (प्रोबेशनवर, देखरेखीखाली) सोडणं हे सगळं कलम १८ मध्ये त्याच्याआधी येतं.

प्लेस ऑफ सेफ्टी दोन प्रकारच्यांसाठी: सोळा ते अठरा वयाचा हीनस गुन्ह्यातला मुलगा, आणि अठरा ओलांडलेला तरुण ज्याचा गुन्हा मात्र अठराच्या आतला आहे. ही जागा स्वतंत्र असू शकते किंवा निरीक्षणगृहाला, विशेष गृहाला जोडलेली. लॉकअप किंवा तुरुंग कधीच नाही. चौकशीतले आणि दोषी ठरलेले यांची सोय वेगळी हवी, असं कलम ४९ सांगतं. राज्यात किमान एक असावी एवढीच सक्ती आहे, त्यामुळे जिल्ह्यापासून लांब पडते आणि भेटीगाठी तुटतात. तुमचा भाचा पुढच्या काही महिन्यांत अठरा ओलांडेल. तरी चौकशी बालक म्हणूनच पुढे चालेल, मधेच मोठ्यांच्या कोर्टात जात नाही. हीनस प्रकरणात बाल न्यायालयाने मोठ्यांसारखी शिक्षा दिली तरी एकवीस पूर्ण होईपर्यंत मुक्काम इथेच. तुरुंगाचा विचार एकविसाव्या वर्षी मूल्यमापन करून.

बालगृह ही चौथी जागा, काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची. ती बालकल्याण समितीच्या अखत्यारीत येते. तुमच्या प्रकरणाशी संबंध नाही.

बाल न्याय कायद्याचं जामिनाचं कलम १२ छापून खिशात ठेवा. गुन्हा जामीनपात्र आहे की नाही याचा इथे फरक पडत नाही. जामीन हा नियम आहे, नाकारण्याची कारणं तीनच: ओळखीच्या गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता, मुलालाच नैतिक, शारीरिक किंवा मानसिक धोका, आणि न्यायाचा हेतू विफल होणं. 'गुन्हा गंभीर आहे' हे कारण यादीत नाही. तरी तिसऱ्या कारणाच्या पोत्यात काहीही भरतात. म्हणून नुसता अर्ज देऊ नका. पहिलं कारण खोडायचं असेल तर मुलगा त्या वस्तीत परत जाणार नाही हे दाखवा: दुसऱ्या गावातला मामा, काका, त्याच्या घराचा पुरावा, तिथल्या कॉलेजात प्रवेशाची सोय, आणि तो नातेवाईक स्वतः मंडळापुढे हजर. परिविक्षा अधिकाऱ्याने सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो. तो घरी येतो तेव्हा आईवडील त्याला पोलीस समजून गप्प बसतात, आणि अहवालात 'पालकांचे नियंत्रण नाही' असं एक वाक्य येतं. तेच वाक्य जामीन अडवतं. मोकळेपणाने बोला, शाळेचे कागद दाखवा, व्यसन असेल तर लपवू नका. जामीन होऊन सात दिवसांत अट पूर्ण करता आली नाही, उदाहरणार्थ जामीनदार मिळाला नाही, तर मुलाला अटी बदलण्यासाठी पुन्हा मंडळापुढे आणणं बंधनकारक आहे. हे कोणी आपणहून करत नाही. अर्ज द्या.

वयाचा पुरावा आजच गोळा करा. क्रम ठरलेला आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची चाचणी. आधार कार्ड या यादीत नाही. पोलिसांनी आधीच १९ लिहून मोठ्यांच्या कोर्टात नेलं असेल तर वयाचा दावा कोणत्याही टप्प्यावर करता येतो, आणि दाव्याची चौकशी होईपर्यंत प्लेस ऑफ सेफ्टीत ठेवण्याची मागणी करता येते.

पकडल्यापासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, मंडळापुढे हजर करायचं असतं. तोपर्यंत ताबा बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचा. बेडी नाही, लॉकअप नाही. आदर्श नियम, २०१६ प्रमाणे हीनस गुन्हा नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल तर एफआयआरसुद्धा नोंदवायचा नसतो. ठाण्याच्या डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमी अहवाल एवढंच. हा नियम किती ठाण्यांत पाळतात ते विचारू नका.

व्यसनमुक्तीचं थोडक्यात. उपचाराची तरतूद आहे, कलम ९३, पण तो आदेश मंडळ देतं. पोलिसांशी बोलून मुलाला कुठल्यातरी खाजगी केंद्रात ठेवणं म्हणजे ताबा बेकायदा आणि पुढे जामिनावर त्याचाच ठपका. शिवाय २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अल्पवयीनाला दाखल करताना एक मानसोपचारतज्ज्ञ आणि आणखी एक तज्ज्ञ अशी दोघांची स्वतंत्र तपासणी लागते, प्रौढ रुग्णांपासून वेगळी सोय लागते, आणि ७२ तासांत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावं लागतं. यातलं काहीच न करणारी केंद्रं भरपूर आहेत. नोंदणी क्रमांक मागा. बाह्यरुग्ण उपचार चालतील असं डॉक्टर म्हणत असतील तर तेच जामिनाच्या अर्जात उपचाराची अट म्हणून स्वतःहून सुचवा, मंडळाला ते सोयीचं जातं.

एक भर: जखमी माणसाचा पुढे मृत्यू झाला तर कलम १०३ येईल, आणि खून हीनस आहे. मग वर लिहिलेलं बरंच बदलेल. कलम १५ चं मूल्यांकन पहिल्या हजेरीपासून तीन महिन्यांत व्हायचं असतं. मंडळावर बालमानसशास्त्राची किंवा मानसोपचाराची पदवी असलेला कोणी नसेल तर तज्ज्ञाची मदत घेणं सक्तीचं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलंय. मूल्यांकनाच्या आदेशाविरुद्ध अपील करता येतं, तारीख चुकवू नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. मुलाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि प्रश्नात तुम्ही भाच्याचं नाव आणि कॉलेज लिहिलंय ते आत्ता काढा. कलम ७४ खाली मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लिहिणारा सख्खा मामा आहे म्हणून सूट नाही.